न उभ्या राहिलेल्या रंगमंचाचे रसिक

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता. पाडवा जवळ आला की पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांना यात्रेचे वेध लागतात. नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावचे पंच तिथे जातात, फड पाहतात, पैशांची घासाघीस करतात, सुपारी देतात आणि तारीख पक्की करून गावी परततात. त्या वर्षी आदल्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि तिचा पहिला दिवस पाडव्याचाच निघाला. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. घोड आणि भीमेच्या काठच्या गावांतले सलग दोन चैत्र असे गेले, की देवळामागच्या पटांगणात कनातीची एक मेखही ठोकली गेली नाही.

त्या दोन वर्षांत तमाशा कलावंतांचे काय हाल झाले, हे वर्तमानपत्रांतून बरेच लिहून आले. ते लिहून यायलाच हवे होते. तमाशा पाहणाऱ्यांचे काय झाले, याची नोंद मात्र फारशी कुणी ठेवली नाही. वर्षानुवर्षे एकही यात्रा न चुकवलेला माणूस यात्रेच्या रात्री काय करत होता? पुण्या-मुंबईला नोकरीला असलेले भाऊबंद आले नाहीत, लेकींना मूळ धाडता आले नाही, वर्गणीची वही कोरी राहिली. तेव्हा गावातली माणसे एकमेकांशी काय बोलली? जे घडायचे होते आणि घडले नाही, त्याविषयी माणसे काय बोलतात, कशी रुसतात, कशी भांडतात आणि काय जपून ठेवतात, हा अभ्यासाचा विषय आहे. या पुस्तकात त्याची पहिली पाऊलवाट आखायचा प्रयत्न केला आहे. त्या वाटेवर आपले मनापासून स्वागत.

मी दौंडचा. या विषयाशी माझी गाठ पडली ती ग्रंथालयात पडली नाही. लहानपणी एका यात्रेत संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि उभी राहत असलेली कनात भिजून खाली बसली. फडाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावची सुपारी होती, म्हणून खेळ उद्यावर ढकलणे शक्य नव्हते. पाऊस थांबल्यावर फडाचे ट्रक चिखलातून निघून गेले. माणसे मात्र घरी गेली नाहीत. देवळाच्या ओवरीत आणि शाळेच्या पडवीत ती रात्रभर बसून राहिली. त्या रात्री व्हायचा होता तो वग ज्यांनी आधी दुसऱ्या गावी पाहिला होता, त्यांनी तो बाकीच्यांना सांगितला. राजा कुठून येतो, सोंगाड्या कुठे अडवतो, हवालदाराची फजिती कशी होते, सगळे क्रमाने. मधेच कुणी ढोलकीचा बोल तोंडाने काढला. एकाने सोंगाड्याची नक्कल केली आणि दुसऱ्याने त्याला तू चुकलास म्हणून थांबवून तीच पुन्हा करून दाखवली. मी त्या रात्री तमाशा पाहिला नाही. तरी तो वग मला आजही प्रवेशांच्या क्रमाने सांगता येतो.

पुढे या विषयाचे वाचन सुरू केले तेव्हा त्या रात्रीचा अर्थ हळूहळू उलगडत गेला. आपण समजतो की पडदा वर गेल्यावर प्रेक्षक तयार होतो. माझे म्हणणे असे की तो घोषणेच्या क्षणी तयार होतो. फडाचे नाव गावात आले, हॅन्डबिल चावडीवर लागले, दवंडी फिरली, की तिथून पुढे माणूस त्या खेळाचा होतो. तो घराला चुना लावतो, पाहुण्यांना निरोप धाडतो, रजा टाकतो, कुठे बसायचे ते मनाशी ठरवतो. अभिषेक, मांडवडहाळे, शेरणी, छबिना, रात्रीचा तमाशा, दुसऱ्या दिवशीच्या हजेऱ्या आणि मग कुस्त्यांचा आखाडा ही सगळी साखळी त्याच्या डोक्यात आधीच चालू झालेली असते. म्हणून रद्द होणे हे खेळ सुरू होण्याआधी घडते असे म्हणता येत नाही. ते चालू खेळात, मध्यावर घडते. पाहणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर रद्द झालेला प्रयोग हाही एक प्रयोगच असतो आणि त्याचे वर्णन प्रयोगाच्याच बारकाईने करावे लागते.

गावच्या यात्रेत ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकीच ती फार दूरच्या एका ठिकाणीही दिसते. १५ जुलै २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम शहरात डिस्ने कंपनीचा चाहत्यांसाठीचा मेळावा भरला होता. त्यात व्यासपीठावरून जाहीर झाले, की फ्लोरिडातल्या ‘मॅजिक किंगडम’ या करमणूक उद्यानात, ‘मेन स्ट्रीट’ नावाच्या जुन्या वळणाच्या रस्त्याला लागून एक भव्य नाट्यगृह उभे राहील. त्याची प्रेरणा कॅन्सस सिटीतल्या विलिस वुड थिएटरची होती. वॉल्ट डिस्नेच्या लहानपणाची काही वर्षे त्याच शहरात गेली होती. विलिस वुड १९०२ मध्ये उभे राहिले आणि १९१७ मध्ये आगीत गेले. म्हणजे जे बांधायचे ठरले ते जळालेल्या नाट्यगृहाची आठवण होते. वर्षही उलटले नाही तोच, २०१८ च्या सुरुवातीला, हा बेत गुंडाळल्याच्या बातम्या आल्या. घोषणा टाळ्यांच्या गजरात झाली होती. बेत गुंडाळला गेल्याची वार्ता मात्र कानोकानी पसरली. या विषयात हा फरक पुन्हा पुन्हा भेटेल, म्हणून तो इथेच लक्षात ठेवावा. वचन सभेत दिले जाते आणि ते मागे घेतले जाते तेव्हा सभा बोलावली जात नाही. मग चाहत्यांना स्वतःच सभा भरवावी लागते आणि त्यांच्या प्रतिक्रिया हीच ती सभा असते.

एका कंपनीच्या उद्यानातले नाट्यगृह झाले नाही तर त्यात शोक कसला, असे कुणी विचारील. पाश्चात्त्य विद्यापीठांतही हा प्रश्न बराच काळ असाच झटकला जात होता. हेन्री जेन्किन्स यांचे ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ १९९२ मध्ये आले आणि चाहता म्हणजे भारावलेला गिऱ्हाईक ही समजूत ढळू लागली. चाहते स्वतः लिहितात, जोडतात, दुरुस्त करतात, अर्थावर हक्क सांगतात, हे त्यांनी दाखवून दिले. रेबेका विल्यम्स यांनी २०१५ च्या पुस्तकात आवडती मालिका संपल्यावर तिच्या प्रेक्षकांचे काय होते, याचा शोध घेतला, आणि २०२० च्या पुस्तकात करमणूक उद्यानांच्या चाहत्यांचा. आपल्या देशाविषयी सारा डिकी यांनी मदुराईतल्या तमिळ सिनेमाच्या चाहत्यांवर १९९३ मध्ये लिहिले. एस. व्ही. श्रीनिवास यांनी २००९ मध्ये तेलुगू नट चिरंजीवीच्या चाहत्यांवर लिहिले आणि चाहतेपण व राजकारण किती जवळ असतात ते उलगडले. ही पुस्तके जरूर वाचावीत. पण ती वाचून आपल्या यात्रेकडे वळावे आणि त्यांची परिभाषा जशीच्या तशी इथे लावावी, असे मला वाटत नाही. कारण आपल्याकडे या विषयाचे धागे फार जुने आहेत.

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातली कथा बहुतेकांना ठाऊक असते. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात पहिला नाट्यप्रयोग झाला. देवांचा विजय आणि दैत्यांचा पराभव हा त्याचा विषय होता. तो पाहून दैत्य खवळले. त्यांच्या चिथावणीने, विरूपाक्षाला पुढे करून, विघ्न नावाच्या दुष्ट शक्तींनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवली. प्रयोग थांबला. इंद्राने आपल्या ध्वजदंडाने, म्हणजे जर्जराने, विघ्नांना झोडपले, तरी उपद्रव संपेना. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधायला सांगितले. आपल्या परंपरेत नाट्यगृह या वास्तूचा जन्म असा, बंद पडलेल्या प्रयोगातून आणि प्रेक्षकांच्या संतापातून झाला आहे. दुसऱ्या अध्यायात त्या मंडपाची मापे येतात. मधल्या आकाराचा आयताकृती मंडप चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद. मापांवर अभ्यासकांनी भरपूर लिहिले. मापांच्या आधी जे घडते त्याच्यावर मात्र पुरेसे लिहिलेले नाही. ब्रह्मदेव नाट्यगृह बांधवून थांबत नाही, तो दैत्यांशी बोलतो. हे नाट्य एकट्या देवांचे नाही, तिन्ही लोकांचे आहे, असे त्यांना समजावतो. रुसलेल्या प्रेक्षकाला उत्तर देणे लागते, हे तिथे गृहीत आहे.

सत्ताविसावा अध्याय तर आपल्या कामाचा पायाच म्हणावा लागेल. प्रयोग साधला की नाही हे प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून कसे ओळखायचे, याची तिथे जवळजवळ यादीच आहे. कुठे स्मित, कुठे मोठे हसू, कुठे ‘साधु’, कुठे ‘अहो’, दुःखाच्या जागी ‘कष्टम्’, अंगावर काटा, जागेवरून उठणे. आणि लगेच पुढे प्रयोगाचे घात सांगितले आहेत: दैवी, नटांच्या स्वतःच्या चुकीने ओढवलेले, दुसऱ्यांनी केलेले आणि उत्पातातून आलेले. वारा, आग, पाऊस यांचीही दखल तिथे आहे. प्रेक्षकाचा प्रतिसाद आणि प्रयोगाचा भंग एकाच अध्यायात ठेवावेत हे ज्याला सुचले, त्याला हे दोन्ही एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत हे कळलेले होते.

आता शब्दांकडे पाहू. मराठीत ‘फॅन’साठी एक शब्द नाही, आणि ते आपल्या फायद्याचे आहे. नाटकाचा असतो तो रसिक. गाण्याचा दर्दी. तमाशाचा आणि कुस्तीचा शौकीन. नटाचा चाहता, सिनेमाचा फॅन, छत्रपतींच्या बाबतीत शिवप्रेमी. हे समानार्थी शब्द नाहीत. रसिक म्हटले की प्रतिष्ठा येते, शौकीन म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडे हसू येते, शिवप्रेमी म्हटले की सरकार सावध होते. एकाच रात्री एकाच कनातीत बसलेल्या माणसाला यांतले दोन-तीन शब्द लागू पडत असतात. रंगमंच रद्द झाला की त्या माणसाचे म्हणणे कुणी ऐकेल की नाही, हे पुष्कळदा त्याला कोणता शब्द लावला जातो यावर ठरते. माझ्या मते या क्षेत्रातला हाच सर्वांत मोठा प्रश्न आहे, म्हणून तो जरा सविस्तर मांडतो.

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर घ्या. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याचे भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. २६ जून १९६८ रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते रंगमंदिराचे उद्घाटन झाले. ज्यांच्या नावाने ते उभे राहिले त्यांनी ते उभे राहिलेले पाहिले नाही. वचन आणि वास्तू यांच्यातल्या त्या जवळजवळ सहा वर्षांच्या अंतरात एक पूर्ण आयुष्य संपले, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने मनाशी धरून ठेवावे. पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, महापालिकेने रंगमंदिराचा पुनर्विकास करण्याचा विचार मांडला आणि कलावंत व रसिक खवळून उठले. २०२२ मध्ये तो पुन्हा पुढे आला आणि तेव्हाही वाद झाला. नवे काही हवेच म्हणणारेही होते, एक वीटही हलवू नका म्हणणारेही होते. या वादातली पत्रे, निवेदने आणि लेख गोळा केले तर दिसते, की न झालेल्या नव्या इमारतीविषयी आणि न पाडलेल्या जुन्या इमारतीविषयी माणसे एकाच वेळी बोलत होती. अस्तित्वात नसलेल्या दोन गोष्टींची तुलना चालू होती: उद्याचे नाट्यगृह आणि उद्या नसलेले आजचे नाट्यगृह.

पण या वादात कोण बोलले आणि कोण बोलले नाही? दौंडच्या माणसाचे नाटक बहुतेक वेळा पुण्यात असते. सुमारे पंच्याहत्तर किलोमीटरचा रेल्वेप्रवास, आणि शेवटच्या अंकात एक डोळा घड्याळावर, कारण परतीची गाडी धरायची असते. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला तेव्हापासून हे जंक्शन आहे. दौंडकराला गाडीचे वेळापत्रक घरच्या पंचांगासारखे पाठ असते. असा माणूस बालगंधर्वचा प्रेक्षक आहे, पण पुणे महापालिकेचा मतदार नाही. सूचना आणि हरकती मागवल्या जातात तेव्हा त्याच्या गावात त्याची खबरही पोचत नाही. नाट्यगृहाचा खरा भूगोल महापालिकेच्या हद्दीपेक्षा किती तरी मोठा असतो. तो परतीच्या गाड्यांच्या वेळांनी आखलेला असतो. हा नकाशा अजून कुणी काढलेला नाही.

त्याच रंगमंदिरात दुपारच्या वेळी लावणीचे कार्यक्रम होत आले. त्यांचा प्रेक्षक वेगळा. नव्या वास्तूच्या वादात लावणीच्या त्या शौकिनाला काय हवे आहे, हे विचारायला कुणी गेल्याचे मला दिसत नाही. तो स्वतःहून पत्र लिहीत नाही, सहीची मोहीम काढत नाही. याचे कारण त्याला काही वाटत नाही हे नाही. त्याला सही करायची सोय नाही. आमच्या तालुक्यातल्या चौफुल्याला, पुणे–सोलापूर रस्त्याला शिरूर-न्हावऱ्याकडून सुपे-मोरगावकडे जाणारा रस्ता जिथे छेदतो तिथे, संगीत बारीची कला केंद्रे आहेत. तिथे ढोलकी-तबल्यावर बैठकीची लावणी होते. ज्या कलावंतिणी तिथे गातात त्यांच्या अदाकारीची पारख करणारे जाणकार श्रोते या परिसरात आहेत. ते आपल्या आवडीविषयी घरातही मोकळेपणाने बोलत नाहीत. अशा केंद्राचा एखादा रंगमंच उद्या बंद पडला तर श्रद्धांजलीचा एकही लेख येणार नाही. त्यावरून कुणाला दुःख झाले नाही असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक चुकेल. प्रतिक्रियांचा अभ्यास करताना मौनाचीही नोंद घ्यावी लागते, आणि ते मौन कशाने आले हे विचारावे लागते. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक या दृष्टीने आधी वाचावे. कलावंतांशी माणूस म्हणून बोलले की किती कळते, याचा तो नमुना आहे.

स्त्रियांच्या बाबतीतही हीच अडचण. यात्रेच्या तमाशाला बाया एका कडेला बसत किंवा जवळच्या घराच्या माळवदावरून पाहत. त्यांना कुणी शौकीन म्हणत नसे, त्या तशा असल्या तरी. पण यात्रा रद्द झाली की पुरुषाचा तमाशा बुडतो आणि बाईचे माहेर बुडते. २०२० आणि २०२१ च्या चैत्राविषयी तिच्याशी बोलायला जाल तेव्हा प्रश्न नाटकाने सुरू करू नका, माहेरापासून सुरू करा. तिकडून ती आपसूक कनातीपर्यंत येईल.

कोल्हापूरची गोष्ट उलट बाजूने शिकवते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा. आग धुमसत असतानाच लोक जमले, कलावंत ढसाढसा रडले, आणि राख थंड व्हायच्या आत मागणी सुरू झाली: जसे होते तसेच बांधा. ‘जसे होते तसेच’ हे शब्द नीट तपासावेत. कुणासाठी ते लाकडी खांबांविषयी होते, कुणासाठी आवाजाच्या त्या खास गुणाविषयी, कुणासाठी ज्या पायरीवर पहिल्यांदा मेकअप करून बसलो त्या पायरीविषयी. कॅन्सस सिटीतले जळालेले नाट्यगृह शंभर वर्षांनी फ्लोरिडात बांधू, असे वचन एका कंपनीने दिले आणि मागे घेतले. कोल्हापुरात तेच वचन गावाने स्वतःच्या तोंडून, स्वतःला दिले. या दोन वचनांत माझ्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्या वास्तूची मागणी रसिकांनी केली आहे ती रखडली तर तिची चौकशी करणारे मागे राहतात. जिची घोषणा त्यांच्यावर वरून पडली ती रखडली तर उरते ती नुसती हळहळ.

अर्थात प्रत्येक रद्द झालेला बेत हळहळण्यासारखा नसतो. अमेरिकेतच, व्हर्जिनियात, १९९३ मध्ये डिस्नेने ‘डिस्नेज अमेरिका’ नावाचे इतिहासावरचे उद्यान जाहीर केले होते. यादवी युद्धाच्या मनॅसस रणभूमीपासून ते काही मैलांवर होणार होते. इतिहासकारांनी आणि स्थानिकांनी जोराचा विरोध केला आणि १९९४ च्या सप्टेंबरात कंपनीने माघार घेतली. तिथे रद्द होणे हाच प्रेम करणाऱ्यांचा विजय होता. त्यांचे प्रेम त्या जमिनीवर होते. कधी बेताची नुसती जागा बदलते. पुण्यात कोथरूडच्या कचरा डेपोच्या जागेवर शिवसृष्टी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या इतिहासावरचे उद्यान, व्हावे असा आग्रह बरीच वर्षे होता. त्याच जागेवर मेट्रोची गरज पुढे आली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत शिवसृष्टी चांदणी चौकाजवळच्या जागेवर करण्याचे ठरले. शिवप्रेमींत त्यावर दोन मते होती: काहींना जागा हलली म्हणजे वचन मोडले असे वाटले, काहींना मोठी जागा मिळाली याचे समाधान. (आंबेगावची बाबासाहेब पुरंदरे यांच्या प्रेरणेची शिवसृष्टी वेगळी, तिचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ ला खुला झाला. नव्या अभ्यासकाकडून इथे हमखास गल्लत होते.) स्थलांतर आणि रद्द होणे यांच्यातली सीमारेषा कोण ठरवतो? कागदावर प्रशासन ठरवते, मनात रसिक ठरवतात, आणि दोन्ही नोंदी अभ्यासकाच्या वहीत शेजारीशेजारी असाव्यात.

एक गोष्ट मी तरुण अभ्यासकांना कळकळीने सांगतो. न झालेल्या रंगमंचाचा इतिहास शोधताना फक्त इमारती शोधू नका. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. त्या नाकारण्याची हकिगत जोतीरावांनी स्वतः १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवली. नाटक छापून आले ते १९७९ मध्ये. एकशेचोवीस वर्षे हे नाटक नकाराच्या त्या एका नोंदीच्या आधाराने जिवंत होते. शेतकरी जोडपे, त्यांना फसवणारा जोशी, आणि शिक्षणाची वाट दाखवणारे त्यात आहेत. ज्या प्रेक्षकासाठी ते लिहिले गेले तो प्रेक्षक आमच्या घोडनदीकाठच्या प्रत्येक गावात होता. त्या प्रेक्षकाला आपल्यापासून काय हिरावले गेले हे कळलेही नाही. म्हणून प्रतिक्रियांच्या आपल्या यादीत एक रकाना अशांचाही ठेवा, ज्यांना प्रतिक्रिया देण्याइतपत बातमी कधी मिळालीच नाही.

कामाच्या पद्धतीविषयी थोडेसे. चाहत्याचे म्हणणे हा बेताचा पुरावा नसतो, चाहत्याचा असतो. एखादा माणूस न झालेल्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांचा रंगही सांगतो. खुर्च्या कधीच नव्हत्या, पण तो रंग त्याने कुठल्या तरी जुन्या नाट्यगृहातून उचललेला असतो आणि ते नाट्यगृह आपल्याला शोधता येते. आवाज मोठा असणाऱ्यांना बहुमत समजू नये. पैसा बुडालेला आणि आनंद बुडालेला यांच्या तक्रारी एका पिशवीत टाकू नयेत: फडमालकाने हंगामासाठी उचल घेतलेली असते, ढोलकीवाल्याचे घर त्या रात्रीवर चालते, आणि या नुकसानाशेजारी रसिकाचे दुःख ठेवताना प्रमाण सुटता कामा नये. तरीही ते ठेवायचे आहे. खेळ सुरू होताना कलावंत समोरच्यांना ‘रसिक मायबाप’ म्हणतात. त्या शब्दांचा मान राखायचा तर खेळ मोडल्यावरही मायबापांना विचारले पाहिजे.

आणि साधने? भूमिपूजनाचे फलक, कोनशिला, अंदाजपत्रकातल्या तरतुदी, वाचकांच्या पत्रव्यवहाराची पाने ही तर आहेतच. पण आमच्या भागातले सर्वांत मोलाचे साधन म्हणजे यात्रा कमिटीची वर्गणीची वही. कुणी किती दिले, फड कोणता ठरला, सुपारी किती, मंडपाला किती, हे सगळे तिच्यात वर्षानुवर्षे एकाच हाताने लिहिलेले असते. जिथे २०२० चे पान असेल तिथे ते पाहण्यासारखे असणार. कुठे वर्गणी परत केल्याच्या सह्या असतील, कुठे ती रक्कम औषधपाण्याकडे वळवल्याची नोंद, कुठे नुसती तारीख आणि खाली कोरा कागद. अशा एका पानावरून त्या गावाच्या त्या चैत्राविषयी जितके कळेल तितके दुसऱ्या कशावरून कळणार नाही.

या वह्या अजून कुणा पंचाच्या घरी, देवळाच्या कपाटात, सोसायटीच्या रद्दीत पडून आहेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतल्या काही जातात. हे पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: पुढच्या यात्रेला गावी जाल तेव्हा आपल्या गावची वही मागून घ्या, २०२० आणि २०२१ ची पाने उघडा, त्यांचे फोटो काढा, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांच्याशेजारी तासभर बसा.